दोन टिंबं, तीन रेघा

अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत एक जुनी तार आहे. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय. मजकूर एवढाच: ईद मुबारक, आणि खाली मुंबईच्या मामूंचं नाव. लहानपणी मला वाटायचं, मामूंनी मुंबईत 'ईद मुबारक' असं लिहिलं आणि ती अक्षरं तारेतून सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आली. अब्बा तार ऑफिसात होते. त्यांनी एकदा हसून सांगितलं, "अरे, तारेतून ईद मुबारक येतच नाही. तारेतून फक्त दोनचा आकडा येतो."

आजच्या पिढीला हे सांगावं लागेल. तार खात्याने शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांची एक यादी केली होती आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला होता. एक म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, दोन म्हणजे ईद मुबारक, तीन म्हणजे बंगाल्यांच्या बिजयाच्या शुभेच्छा, आठ म्हणजे नवरा-नवरीला दीर्घ आणि सुखी संसाराच्या शुभेच्छा. पाठवणाऱ्याने फॉर्मवर क्रमांक लिहायचा. तार बाबू तो आकडा मोर्समध्ये पाठवायचा. दोन म्हणजे दोन टिंबं, तीन रेघा. पलीकडचा बाबू यादीत बघून पूर्ण वाक्य लिहायचा. मामूंचा आवाज नाही, हस्ताक्षर नाही, प्रेम नाही, 'ईद' हा शब्दसुद्धा नाही. दोन्ही टोकांना एकच यादी आहे, या भरवशावर सगळा कारभार.

मी पुढे पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना अॅनालॉग आणि डिजिटल सिग्नल शिकवताना मी दरवर्षी हीच तार वर्गात न्यायचो. पुस्तकातली व्याख्या अशी: सलग बदलत जाणारा तो अॅनालॉग, आणि मोजक्या, ठरलेल्या पायऱ्यांवरच उभा राहणारा तो डिजिटल. मुलं पाठ करायची. पण हा फरक मला स्वतःला कळला तो पुस्तकातून नाही, एकोणतिसाव्या रोजाच्या रात्री आमच्या अंगणात झालेल्या भांडणातून. त्या भांडणाचा इतिहास बराच जुना आणि बराच लांबपर्यंत पसरलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. साल १९७०च्या दशकातलं. आभाळ भरून आलेलं होतं, मगरीबनंतर चाँद दिसला नाही. रात्री नऊच्या सुमारास अब्बा ऑफिसातून धावत आले. मुंबईहून एका नातेवाइकाची तार होती: चाँद दिसला, उद्या ईद. ती तार अब्बांनी स्वतःच्या कानाने ऐकून स्वतःच्या हाताने लिहून घेतली होती. ते थेट मशिदीत गेले. पेशइमाम साहेबांनी कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला आणि परत दिला. म्हणाले, "मास्टरसाब, खबर आयी, कबूल. पर गवाही कौन देता?"

अब्बा भडकले. या तारेवर बाजारात माल विकला जातो, या तारेवर माणसं मयतीला निघतात, आणि ईद तेवढी होत नाही? पेशइमाम शांत होते. त्यांनी दोन माणसांना शेवटच्या एस.टी.ने शहरात पाठवलं. ती माणसं सहरीच्या वेळी परत आली, सोबत तिथल्या काझींकडे झालेल्या गवाहीची बातमी घेऊन. फजरनंतर ईद जाहीर झाली. शीरखुर्म्याचं दूध रात्री घेतलंच नव्हतं, म्हणून सकाळी घरोघर पळापळ. अब्बांनी ईदची नमाज पढली, पण पेशइमाम साहेबांशी गळाभेट घेतली नाही. पुढची दोन वर्षं बोलणं बंद होतं.

मी अर्थातच अब्बांच्या बाजूचा. शाळेत विज्ञान शिकत होतो. मौलवी म्हणजे मागासलेले, तारेला घाबरणारे, असं मला वाटे. आजही आपल्यातले शिकलेले लोक लाउडस्पीकरचा जुना वाद किंवा तारेचा जुना वाद काढून हसतात. मीही खूप हसलोय.

आता थोडं मागे जाऊ.

२४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी मोर्सची तार चालू झाली. तीन वर्षांनी, १८४७ मध्ये, हे यंत्र इस्तंबूलच्या बेलरबेयी राजवाड्यात सुलतान अब्दुल मजीद यांच्यापुढे चालवून दाखवलं गेलं. सुलतान इतके खूश झाले की त्यांनी मोर्सला मानाचं पदक पाठवलं. मुसलमान सत्ताधीश आणि नवं यंत्र यांचं नातं नेहमी संशयाचंच होतं, हा समज इथेच थोडा सैल होतो. हिंदुस्थानात कलकत्त्याचे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी १८३९ पासून तारेचे प्रयोग करत होते. १८५० मध्ये कलकत्ता-डायमंड हार्बर लाइनचं काम सुरू झालं. १८५४ मध्ये मुंबई-ठाणे तार चालू झाली, १८५५ मध्ये ती जनतेला खुली झाली. १८७० मध्ये समुद्राखालची केबल मुंबईला सुएझमार्गे लंडनशी जोडून गेली.

तारेआधी दुसऱ्या शहराच्या चाँदचा प्रश्न फारसा पडतच नव्हता. पुण्यात चाँद दिसला हे सोलापूरला कळेपर्यंत ईद होऊन शीरखुर्म्याची भांडी धुऊन झालेली असायची. प्रत्येक गावाचं आपलं आभाळ, आपली गवाही. तारेने पहिल्यांदाच दुसऱ्याचं आभाळ त्याच रात्री आपल्या दारात आणून ठेवलं. मग विचारावंच लागलं की हे जे दारात आलंय, ते नक्की आहे काय?

फिकहमध्ये खबर वेगळी आणि शहादत वेगळी. शहादत म्हणजे माणूस समोर उभा आहे, त्याचा चेहरा दिसतो, त्याला प्रश्न विचारता येतात, तो स्वतः पाहिलेलं सांगतो. हनफी मतात आभाळ ढगाळ असेल तर रमजानच्या चाँदला एक भरवशाचा माणूस पुरतो, ईदच्या चाँदला मात्र दोन लागतात. रोजा चुकून जास्त झाला तर फारसं बिघडत नाही, चुकून सुटला तर बिघडतं. कोणती चूक महाग आणि कोणती स्वस्त याचा हिशेब करून पुरावा कमी-जास्त मागायचा, हे मला नंतर इंजिनियरिंगच्या पुस्तकात भेटलं तेव्हा ओळखीचं वाटलं.

बरेलीचे मौलाना अहमद रझा खान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चाँदच्या तारेवर स्वतंत्र रिसाला लिहिला आणि तार शहादत म्हणून नाकारली. या बाजूच्या उलेमांचा युक्तिवाद नीट वाचला तर त्यात घाबरटपणा सापडत नाही. फिकहचा जुना नियम असा की एक हस्ताक्षर दुसऱ्या हस्ताक्षरासारखं असू शकतं, म्हणून नुसत्या पत्रावर भिस्त ठेवू नये. तारेत तर हस्ताक्षरही नाही. पाठवणाऱ्याने कागद खिडकीत दिला, एका बाबूने तो वाजवला, मधल्या स्टेशनावर दुसऱ्याने ऐकून पुढे वाजवला, शेवटच्याने लिहिला. यातला एकही माणूस आपल्याला माहीत नाही, आणि यातल्या एकानेही चाँद पाहिलेला नाही. दमास्कसचे जमालुद्दीन कासिमी यांनी याच्या उलट भूमिका घेतली. तारेच्या बातमीवर अमल करावा असं सांगणारं त्यांचं पुस्तक १९११ मध्ये आलं. राज्यकारभार आणि व्यापार ज्या बातमीवर चालतो, जिच्यावर लोकांचं मन खात्रीने बसतं, ती इथे का नाकारायची, हा त्या बाजूचा प्रश्न. म्हणजे माझे अब्बा नकळत दमास्कसच्या बाजूने बोलत होते आणि पेशइमाम साहेब बरेलीच्या.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर बरेलीच्या आक्षेपात डिजिटल सिग्नलचं नेमकं वर्णन आहे. तारेतून चिन्ह येतं, वस्तू येत नाही. चिन्हाला पाठवणाऱ्याचा स्पर्श नसतो. माझा 'दोन' आणि तुमचा 'दोन' यांत काडीचा फरक नाही. हीच त्याची ताकद, आणि फसवणुकीची फटही हीच.

चूक कशी होते याचाही एक नमुना घरातलाच. मोर्समध्ये दोन म्हणजे दोन टिंबं आणि तीन रेघा, तीन म्हणजे तीन टिंबं आणि दोन रेघा. मधली एक रेघ आखूड ऐकू आली की दोनाचे तीन होतात. अब्बांच्या हाताखालून एकदा अशी तार गेली, आणि ईदच्या दिवशी एका बागवानांच्या घरी बिजयाच्या शुभेच्छा पोचल्या. चूक वाजवणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, ते कधी कळलं नाही. अब्बा रिटायर झाल्यावर हा किस्सा सांगून पोट धरून हसत. नोकरीत असताना मात्र त्यांनी तो कधी काढला नव्हता, आणि पेशइमाम साहेबांपुढे तर नाहीच.

तार खात्याला हे दुखणं माहीत होतं, म्हणून त्यांचे स्वतःचे बंदोबस्त होते. प्रत्येक तारेच्या डोक्यावर शब्दांची संख्या लिहिलेली असे. घेणारा बाबू आलेले शब्द मोजायचा. बारा सांगितले आणि अकरा भरले, तर पुन्हा मागायचा. 'चाँद दिसला नाही' मधला 'नाही' गळाला तर ईदच बदलते, पण मोजणी ती चोरी पकडते. जास्त पैसे भरले तर सगळी तार उलट वाचून पडताळून घेण्याचीही सोय होती. पुढे १९५० मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी गणिताने दाखवलं की चिन्हं एकमेकांपासून पुरेशी लांब ठेवली तर यंत्र चूक नुसती पकडत नाही, दुरुस्तही करतं. मोर्सचा दोन आणि तीन हे फारच जवळचे शेजारी. त्यांच्यात एकाच खुणेचं अंतर.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. मार्च १८७६ मध्ये ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं. त्या पेटंटमधला महत्त्वाचा मुद्दा यंत्राचा नाही, प्रवाहाचा आहे. तारेत प्रवाह तुटक असतो: चालू, बंद, चालू. बेल म्हणाले, माझा प्रवाह लाटेसारखा असेल. बोलताना हवेत जी लाट उठते, तिच्याच आकाराची लाट विजेत उठेल. हवा जिथे दाबली जाते तिथे प्रवाह चढेल, जिथे सैल होते तिथे उतरेल, आणि मधली एकही पायरी गाळली जाणार नाही. अॅनालॉग या शब्दाचा अर्थच हा: सारखेपणा. तिथे यादी नाही, आकडा नाही, ठराव नाही. वीज आवाजाची नक्कल करते, बस.

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. चाँदचा वाद लगेच टेलिफोनवर आला. आता तर आवाज ओळखता येतो. मामू बोलतायत हे कळतं, त्यांचा खोकलासुद्धा कळतो. मग ही शहादत का नाही? बहुतेक मुफ्तींचं उत्तर ठाम राहिलं: बातमी म्हणून घ्या, शहादत म्हणून नाही. आवाज आवाजासारखा असू शकतो. हस्ताक्षराचा जुना नियमच त्यांनी आवाजाला लावला. नक्कल कितीही हुबेहूब असली तरी नक्कलच, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

पण खरा पेच टेलिफोनने नाही, लाउडस्पीकरने टाकला. आपल्या समाजातल्या तांत्रिक चर्चांमध्ये मला सगळ्यात चांगली वाटते ती हीच, आणि सगळ्यात जास्त हसलं जातं तेही हिच्यावरच.

इमामाचा आवाज लाउडस्पीकरमधून आला आणि मागच्या सफा त्या आवाजावर रुकू-सजदा करू लागल्या, तर नमाज होते का? प्रश्न वरवर विचित्र वाटतो. त्याची मुळं मुकब्बिरच्या नियमात आहेत. मोठ्या जमातीत इमामाचा आवाज मागे पोचत नाही, म्हणून मधल्या सफांमध्ये मुकब्बिर उभे असतात. इमामाने तकबीर म्हटली की ते ती मोठ्याने पुन्हा म्हणतात. आमच्या ईदगाहवर हे काम गिरणीवाले चाचा करायचे, त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा. पण अट अशी की मुकब्बिर स्वतः त्या नमाजीत सामील असला पाहिजे. नमाजीबाहेरच्या कुणाच्या हाकेवर नमाजी हलला तर नमाज तुटते. मग लाउडस्पीकर कोण? त्यातून येणारा आवाज इमामाचाच आहे, वाढवलेला? की इमामाच्या आवाजाने उठवलेला तो एक वेगळाच आवाज आहे, डोंगरावरून येणाऱ्या प्रतिध्वनीसारखा? पहिलं असेल तर नमाज ठीक. दुसरं असेल तर लाउडस्पीकर हा नमाजीबाहेरचा मुकब्बिर ठरतो.

उलेमांनी हा प्रश्न विज्ञानाच्या जाणकारांना विचारला. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी आधी नमाज होत नाही असं मत दिलं होतं. नंतर तांत्रिक माहिती घेऊन त्यांनी ते बदललं आणि नव्या यंत्रांवरच्या आपल्या पुस्तकात तसं मांडलं. मत बदलल्याचं लपवलं नाही, याचं मला कौतुक वाटतं.

वर्गात मी हा प्रश्न विचारायचो. उत्तर देणं सोपं नाही. मायक्रोफोनचा पडदा इमामाच्या आवाजाने हलतो, त्यातून छोटा विद्युतप्रवाह निघतो. अॅम्प्लिफायर तोच प्रवाह फुगवत नाही. तो बाहेरून घेतलेल्या ताकदीतून त्याच आकाराचा एक मोठा प्रवाह घडवतो. कर्ण्यातून हवा हलते ती विजेच्या जोरावर. म्हणजे ताकद नवी, आकार जुना. आवाज म्हणजे ताकद म्हणायची की आकार म्हणायचा? यावर तेव्हाचे विज्ञानवालेही एकमताने बोलू शकले नाहीत, तर त्यात मौलवींचा काय दोष?

मुकब्बिर आणि अॅम्प्लिफायर या दोघांची तुलना केली की डेटा कम्युनिकेशनचं अर्धं पुस्तक हाती येतं. लांबच्या तारेत सिग्नल थकतो आणि वाटेत खरखर मिसळते. टेलिफोनवाल्यांनी वाटेवर अॅम्प्लिफायर बसवले. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणं झालं ते असंच. पण अॅम्प्लिफायरला आवाज आणि खरखर यांतला फरक कळत नाही. दोन्ही सारखेच मोठे होतात. पुढच्या टप्प्यात आणखी खरखर मिसळते, तीही मोठी होते. जुन्या लोकांना ट्रंक कॉल आठवत असतील. आम्ही पोस्टात उभे राहून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचो आणि पलीकडून समुद्र ऐकू यायचा.

गिरणीवाले चाचा वेगळं काम करत. वारा असो, पोरं रडत असोत, त्यांच्या कानावर काहीतरी अस्पष्ट आलं तरी त्यांना एवढंच ठरवायचं असे की ही तकबीर आहे का. आहे म्हटल्यावर ते अस्पष्ट आलेलं पुढे ढकलत नसत, आपल्या छातीतून कोरी करकरीत तकबीर काढत. खरखर त्यांच्यापाशी संपायची. असे दहा चाचा एकामागे एक उभे केले तरी दहावी तकबीर पहिलीइतकीच स्वच्छ. डिजिटल रिपीटर हेच करतो. चिन्ह ओळखायचं, आणि नवं घडवून पुढे द्यायचं.

पण चाचांची मर्यादाही तिथेच. ते तकबीर पोचवू शकत, किरात नाही. इमामाची ओढ, गळ्यातला कंप, आयतीच्या शेवटी घेतलेला श्वास, यांची यादी कुठे आहे? त्यामुळे मागच्या सफांना नमाजीचा सांगाडा मिळायचा, किरात मिळायची नाही. लाउडस्पीकरने किरात पोचवली, पण खरखरीसकट. एकोणिसाव्या शतकापासून हीच निवड होती. तार स्वच्छ पण कोरडी, टेलिफोन जिवंत पण मळका.

मुकब्बिरच्या रीतीने किरात पोचवण्याची युक्ती अॅलेक रीव्ह्स या इंग्रज इंजिनियरला पॅरिसमध्ये १९३७ च्या सुमारास सुचली. आवाजाची लाट सलग पाठवायचीच नाही. दर क्षणी तिची उंची मोजायची, आणि तो आकडा तारेसारखा टिंबं-रेघांत पाठवायचा. पलीकडे आकड्यांवरून लाट पुन्हा उभी करायची. मोजणी किती वेळा करावी? याच्या मुळाशी हॅरी नायक्विस्ट यांचा १९२८ चा निबंध आहे, तोही मुळात तारयंत्रावरचा: लाटेतल्या सर्वात जलद कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं तर काही निसटत नाही. टेलिफोनच्या आवाजात साधारण ३,४०० पर्यंतची कंपनं धरतात, म्हणून सेकंदाला ८,००० मोजण्या. प्रत्येक मोजणीला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. इतक्या टिंब-रेघा कोणता बाबू वाजवणार? रीव्ह्स यांच्या काळात हे नळीच्या व्हॉल्व्हने करायला परवडत नव्हतं. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत अशा २४ बोलण्यांची एक डिजिटल लाइन नेहमीच्या वापरात आली.

मोजताना थोडं हरवतं, हे सांगायला हवं. उंची दोन पायऱ्यांच्या मधे आली तर जवळच्या पायरीवर बसवावी लागते. किरातीतला तेवढा बारीक कण कायमचा जातो. मात्र तो एकदाच जातो, मोजणीच्या जागी. नंतरच्या हजार मैलांत आणखी काही जात नाही.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी सगळ्याचा पाया घातला. खरखर असलेल्या रस्त्यालाही एक ठरावीक क्षमता असते, आणि तिच्या आत राहून हुशारीने पुनरुक्ती केली तर चूक हवी तितकी कमी करता येते, हे त्यांनी सिद्ध केलं. हे वाचताना मला फिकहमधली इस्तिफाजा आठवली. एका माणसाची बातमी पुरत नाही, पण वेगवेगळ्या दिशांनी, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांकडून तीच बातमी इतक्या वेळा आली की खोटी असणं अशक्य वाटावं, तर ती मानावी. शॅनन आणि फुकहा एकच गोष्ट सांगतात असं मी म्हणणार नाही. एक जण वायरच्या खरखरीशी झगडत होता, दुसरे माणसाच्या खोटेपणाशी. पण दोघांनाही एकाच कानावर विसंबायचं नव्हतं.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. मुलांना वाटतं, डिजिटल तार वेगळी आणि अॅनालॉग तार वेगळी. तांब्याला यातलं काही माहीत नसतं. तारेत प्रवाह नेहमी सलगच चढतो-उतरतो. डिजिटल असतं ते आपलं वाचन. १८५८ ची अटलांटिक केबल याचा मोठा धडा आहे. तिच्यातून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले. टिंब पलीकडे टिंब म्हणून निघतच नव्हतं, पसरट होऊन पुढच्या रेघेत मिसळत होतं. जास्त व्होल्टेजचा मारा केल्यावर काही आठवड्यांत केबलच मेली. याच्या उलटा प्रकार म्हणजे नव्वदच्या दशकातला मोडेम. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा घरची टेलिफोन लाइन फक्त आवाज जाणत होती. म्हणून मोडेम शून्य-एकचे सूर करायचा आणि फोनवरून चक्क गायचा. ती किरकिर आठवते ना? आकडे आवाजाचा बुरखा घालून जात होते.

आमच्या भागात बदल आला तो ग्रामीण एक्स्चेंजमधून. सी-डॉटने बनवलेलं १२८ लाइनींचं छोटं डिजिटल एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. उन्हात-धुळीत, वातानुकूलन नसतानाही चालणारं. पुढच्या काही वर्षांत अशी एक्स्चेंज गावोगाव आली आणि फोनमधला समुद्र आटला. मामूंचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येऊ लागला. अब्बा तेव्हा रिटायर होत आले होते. पहिल्या स्वच्छ फोननंतर ते म्हणाले, "इतकं साफ येतंय की वाटतं कुणीतरी नक्कल करतंय."

ते बोलणं थट्टेतलं होतं, पण मोबाइलने ते खरं केलं. जीएसएम मोबाइलमध्ये आपला आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकड्यासाठी त्या क्षणी गळा आणि तोंड यांचा आकार कसा असेल, याचा गणिती अंदाज आणि थोडी उरलीसुरली माहिती पाठवली जाते. सेकंदाला ६४,००० ऐवजी १३,००० बिटांत काम भागतं. पलीकडचा फोन त्या अंदाजावरून आवाज नव्याने घडवतो. आपण जो ऐकतो, तो आईचा आवाज त्या यंत्राने तिथल्या तिथे रचलेला असतो. लाउडस्पीकरच्या वेळी उलेमांनी विचारलेला प्रश्न, हा तोच आवाज की दुसरा, इथे विचारला तर इंजिनियरला 'दुसरा' असंच म्हणावं लागेल. आता तर कुणाच्याही आवाजात काहीही बोलून घेता येतं. एकोणतिसाव्या रात्री व्हॉट्सअॅपवर चाँदचे फोटो फिरतात, त्यातले कितीतरी मागच्या वर्षीचे असतात, आणि चाँद कमिटीचे लोक अजूनही विचारतात: पाहिला कुणी? त्याला फोनवर द्या, नाहीतर समोर आणा.

पेशइमाम साहेब तोपर्यंत हयात नव्हते. अब्बांशी त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. कसं, ते घरात कुणाला नीट माहीत नाही. एका रमजानात अब्बाच शेवटच्या एस.टी.ने शहरात गवाही आणायला गेले होते, एवढं मात्र मला आठवतं.

१४ जुलै २०१३ ही तारेची शेवटची रात्र होती. रमजान नुकता लागला होता. मी शहरातल्या तार ऑफिसात रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे कॉलेजची पोरं आठवण म्हणून स्वतःलाच तारा पाठवत होती. मोर्स केव्हाच गेला होता, खिडकीमागे कॉम्प्युटर होता. मी फॉर्मवर अब्बांचा पत्ता लिहिला आणि मजकूर लिहिला: ईद मुबारक.

तार दोन दिवसांनी पोचली. अब्बांनी चष्मा लावला. आधी म्हणाले, ईदला अजून तीन आठवडे आहेत. मग कागद डोळ्यांजवळ नेला, वरच्या ओळीतला शब्दांचा आकडा बघितला, आणि बोट ठेवून पत्त्यापासून शब्द मोजायला सुरुवात केली. मोजणी जुळली तेव्हा त्यांनी घडी घालून कागद पेटीत ठेवला.